कोरडी दुपटी

२ जुलै, बुधवार

पाटी लागली एकदाची. ‘सखुबाई लिनन सर्व्हिस’. रंगाऱ्याने ‘सर्व्हिस’वरचा रफार विसरून मागाहून घातला, त्यामुळे तो वाऱ्याने उडून जाईल की काय असं वाटतं. सासूबाईंना हार घालायला बोलावलं तर त्या पाटीकडे बघतच राहिल्या. त्यांना वाचता येत नाही, पण स्वतःचं नाव ओळखू येतं. बोलल्या, “जल्मभर मिठागरान राबलू, लोकांचा कापरा कंदी धुतला नाय. आनि आता माजा नाव हितं?” मग हार घातला, पाटीखाली खुर्ची मागवली आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

कॉलेजनंतर पहिल्यांदाच डायरी लिहितेय, म्हणून जरा नीट लिहिते. ठाण्यातल्या कंपनीत सहा वर्षं एचआरमध्ये काढली. लोकांना ‘प्रोसेस फॉलो करा’ असे मेल पाठवून पाठवून कंटाळले. मोहन्याच्या रस्त्यावर नयनच्या घरचा गाळा रिकामाच पडलेला. नयन म्हणजे माझा नवरा. आंबिवलीत जन्मला, आंबिवलीबाहेर गेला की त्याचं डोकं दुखतं. कल्याणच्या एका प्रसूतिगृहाला कपडे धुणारं कुणीतरी हवं होतं, त्यांचा आधीचा माणूस गावी निघून गेला. चादरी, गाऊन, आणि बाळांना गुंडाळायची दुपटी. रोज साडेतीनशे कपडे. सकाळी आणायचे, चारच्या आत परत. टेंपो नयन चालवणार.

मशीनवर तानाजी आहेत. साताऱ्याकडचे, हॉटेलच्या लाँड्रीत बारा वर्षं काढलेली. मशीनला ‘ही’ म्हणतात. ‘ही आज जरा गरम आहे.’ घड्या घालायला गावातल्या दोघी. आणि पॅकिंगला कळव्याहून येणाऱ्या सरोजमावशी. एकोणीस वर्षं लेबर वॉर्डात आया होत्या. बोलत नाहीत. हात मात्र इतक्यांदा धुतात की त्यांच्यासाठी साबणाचा वेगळा खोका आणावा लागणार.

५ जुलै, शनिवार

प्रसूतिगृहाच्या संचिता सिस्टर पाहणीला आलेल्या. जंतुसंसर्ग होऊ नये हे बघणं हेच त्यांचं काम. वय माझ्याएवढं असेल, पण चालणं शाळेतल्या बाईंसारखं. आल्या आल्या जमिनीवर लाल पट्टी चिकटवायला लावली. पट्टीच्या अलीकडे घाण बाजू, पलीकडे स्वच्छ बाजू. घाण बाजूला आलेला कपडा झटकायचा नाही, हातमोजे आणि एप्रनशिवाय हात लावायचा नाही, रक्त लागलेलं वेगळ्या पिशवीत. इकडून तिकडे जाताना एप्रन काढायचा, हात धुवायचे. इकडची ट्रॉली तिकडे नाही. पाणी किती तापतं ते विचारलं. तानाजींनी डिग्री सांगितली आणि सिस्टर पहिल्यांदा हसल्या.

एवढ्यात सासूबाई सगळ्यांसाठी चहा घेऊन थेट पट्टी ओलांडून आल्या. सिस्टरनी त्यांना हात जोडून परत पाठवलं. “माजीच जागा आनि मनाच रेघ?” असं पुटपुटत गेल्या खऱ्या, पण दुपारपासून त्याच पट्टीवर पहारा देतायत. मी मोबाइलवर बोलत बोलत दोनदा ओलांडली तर दोन्ही वेळा काठी आपटली.

सिस्टरनी एक रजिस्टर दिलंय. त्यात वेळ, तापमान, सही. मनात काय आलं त्याचा रकाना नाही. त्यासाठी ही डायरी.

९ जुलै, बुधवार

आजची आयडिया माझी. दुपटी आपण उघड्या टोपल्यांत पाठवतो, वर चादर टाकून. टेंपोत धूळ, पावसाचे शिंतोडे. तर दहा-दहा दुपट्यांचं प्लॅस्टिकचं पाकीट करायचं, हवाबंद, वर गोल स्टिकर: एक बाळ, खाली आपलं नाव. कसं दुकानातून आणल्यासारखं दिसेल. नयन बोलला, भारी.

स्टिकरवाल्याशी फोनवर बोलत होते तेव्हा सरोजमावशी येऊन उभ्या राहिल्या. पावसाळा, गरम, असं काहीतरी सांगत होत्या. मी हातानेच ‘नंतर’ केलं. नंतर त्या परत आल्या नाहीत, म्हणजे महत्त्वाचं नसणार.

१२ जुलै, शनिवार

दोन दिवस टेंपो उशिरा गेला. काल सिस्टरचा मेसेज: ‘बाळं वाट बघत नाहीत.’ आज घड्याळ घेऊन ड्रायरसमोर बसले. तानाजी एका खेपेला पन्नास मिनिटं लावतात, म्हणे पावसात एवढं लागतंच. मी पस्तीसला बंद करून कपडा हातात घेतला. गरम, मऊ, मस्त. मग उरलेली पंधरा मिनिटं कशासाठी? आजपासून पस्तीस. तानाजींनी माझ्याकडे बघितलं आणि बोलले, “मॅडम म्हणतील तसं.” हा माणूस मला आवडतो. वाद घालत नाही.

टेंपो तीन पंचावन्नला प्रसूतिगृहाच्या दारात.

सासूबाईंनी संध्याकाळी हळूच विचारलं, “गो, त्या मशीनीन माजं बोंबील सुकतील काय?” मी नाही बोलले. त्या रुसल्या.

१५ जुलै, मंगळवार

काहीतरी गडबड आहे. पॅक करून ठेवलेल्या पाकिटांचे स्टिकर वाकडे आहेत. मी स्वतः काही चिकटवलेले, बाळाचं डोकं वर करून. आता चार पाकिटांवर बाळ आडवं झोपलंय. म्हणजे कुणीतरी पाकिटं उघडून परत बंद करतंय.

१७ जुलै, गुरुवार

तीन दिवस मोजतेय. पाकिटं रोज उघडली जातात, कधी पाच, कधी आठ. दुपटी मात्र दहाची दहा. मग चोर नेतो काय? की कुणीतरी एखादं नवं दुपटं काढून जुनं घालतंय? नयन बोलला, तू लई सीरियल बघतेस. मी सीरियल बघतच नाही.

दुपारी सगळे जेवायला बसतात तेव्हा सरोजमावशी आत एकट्याच असतात. आमच्यात जेवत नाहीत. मला वाटायचं, मोठ्या हॉस्पिटलात राहिलेल्या, आपल्यात बसायला कमीपणा वाटत असेल. आता वेगळंच वाटायला लागलंय.

सासूबाई दिवसभर दारात असतात, त्यांच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. विचारलं, आई, पाकिटं कोण उघडतं? त्या पान लावत लावत बोलल्या, “मना कला इचारतेस? तिचा तिना इचार.”

म्हणजे ‘ती’ आहे. मला उत्तर मिळालं.

२१ जुलै, सोमवार

नवा नियम लावला: निघताना सगळ्यांच्या पिशव्या तपासायच्या. एकीचीच बघितली तर बरं दिसत नाही, म्हणून सगळ्यांच्या. तानाजींनी डबा उघडून दाखवला, आत अर्धी भाकरी. सरोजमावशींनी पिशवी टेबलावर उलटी केली. डबा, रुमाल, नेलकटर, चष्म्याची दांडी. बाकी काही नाही. मग एकेक वस्तू परत आत ठेवली, सावकाश, आणि माझ्याकडे न बघता गेल्या.

मला कसंतरीच झालं. पण नियम सगळ्यांना सारखा होता, हे खरं आहे.

२२ जुलै, मंगळवार

शेवटी सरळ विचारायचं ठरवलं होतं. पण विचारणार काय? ‘तुम्ही चोरी करता का’? आणि पिशवीत तर काही सापडलं नाही. त्यापेक्षा मी सरोजमावशींना पॅकिंगवरून काढून घाण बाजूला दिलं, आलेले कपडे वेगळे करायला. कारण सांगितलं की तुम्हाला हॉस्पिटलचा अनुभव आहे. त्यांनी पॅकिंगच्या टेबलाकडे बघितलं. मग बोलल्या, “पॅकिंगला कोण?” मी बोलले, मी स्वतः. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण तेवढ्यात ड्रायरची घंटा वाजली.

कुणाला न दुखवता प्रश्न सुटला. एचआरची सहा वर्षं वाया गेली नाहीत.

२४ जुलै, गुरुवार

गटारी. तानाजी सुट्टीवर. मशीन मी चालवलं आणि ‘ही’ने माझं ऐकलं.

२८ जुलै, सोमवार

सलग सहा दिवस टेंपो वेळेच्या आधी. एकही स्टिकर वाकडा नाही. पाकिटं हातात घेतली की अजून उबदार असतात, आतून प्लॅस्टिकवर बारीक दव धरतं, थंडीत खिडकीच्या काचेवर धरतं तसं. फोटो काढून नयनला पाठवला. त्याने बदाम पाठवला.

घाण बाजूला सरोजमावशींचं काम चोख आहे, मान्य करायला हवं. आज एका चादरीच्या घडीत सलाईनची सुई सापडली. त्यांनी चिमट्याने उचलून डब्यात टाकली, बाकीच्या दोघींना बोलावून दाखवली आणि कपडा कधी कवटाळून उचलायचा नाही ते शिकवलं. मी हे रजिस्टरात लिहिलं.

१ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी सिस्टरचा फोन. पाच बाळांच्या मानेवर आणि पाठीवर फोड आलेत. सगळी याच आठवड्यातली. एकाची नाळही लाल झालीय, त्याला घरी न सोडता औषध चालू केलंय. सिस्टरनी आवाज चढवला नाही, त्यानेच जास्त भीती वाटली. त्या एवढंच बोलल्या की सगळ्या बाळांत सारखं काय आहे ते शोधताना दोन गोष्टी हाती लागल्या, आंघोळीचा साबण आणि आमची दुपटी.

आज कपडे आलेच नाहीत. मशीन बंद. एवढी शांतता या गाळ्यात पहिल्यांदाच. सासूबाई खुर्ची आत घेऊन बसल्या, काठी मांडीवर.

त्या नाळेवाल्या बाळाचं नाव अजून ठेवलेलं नाही. सिस्टर त्याला ‘सात नंबर’ म्हणतात. दिवसभर तेच डोक्यात.

२ ऑगस्ट, शनिवार

सिस्टर आल्या. कापसाच्या काड्या घेऊन सगळीकडे फिरवल्या: मशीनच्या रबरावर, ट्रॉलीवर, टेबलावर, सगळ्यांच्या हातांवर. माझ्या मोबाइलवरसुद्धा. मग मला बाजूला घेऊन विचारलं, गेल्या पंधरा दिवसांत काही बदललंय का?

मी विचार केला. पाकिटं जुनीच. मशीन तेच. पावडर तीच. मग आठवलं, मी सरोजमावशींना घाण बाजूला टाकलं बावीसला, आणि बाळं आजारी पडली त्यानंतर. आणि एकदा त्या पट्टीवरून स्वच्छ बाजूला वाकून काहीतरी बघताना मला दिसलेल्या. घाण बाजूचे हात. मी सिस्टरना हे सगळं सांगितलं. नावासकट. आधी पाकिटं उघडायच्या तेही सांगितलं.

सिस्टरनी लिहून घेतलं. सरोजमावशी चार हातांवर उभ्या होत्या, त्यांना ऐकू गेलं असणार. सिस्टर गेल्यावर मी त्यांना रिपोर्ट येईपर्यंत घरी थांबा बोलले. त्यांनी एप्रन काढला, हात धुतले, नेहमीएवढाच वेळ लावून, आणि निघाल्या. सासूबाई त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेल्या. परत आल्या त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

खरं सांगायचं तर मला हलकं वाटतंय. कारण सापडलं.

४ ऑगस्ट, सोमवार

सात नंबर बरा आहे. ताप नव्हताच. आई त्याला पाजतेय. सिस्टरना मी तीन वेळा फोन केला, तिसऱ्यांदा त्याच बोलल्या, आता उद्या करा.

सासूबाई अजून बोलत नाहीत. ताट वाढतात, पण शब्द नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

आज जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मीच माझ्या सोयीचं आठवीन.

सिस्टर अकराला आल्या. रिपोर्ट आला होता. मशीनवर थोडं, ट्रॉलीवर थोडं, चालण्यासारखं. हातांमध्ये सगळ्यात स्वच्छ हात सरोजमावशींचे. माझ्या मोबाइलवर काय उगवलं त्याचं नाव त्यांनी सांगितलं नाही, फक्त तो यापुढे बाहेर ठेवा बोलल्या.

मग त्यांनी विचारलं, शुक्रवारी न गेलेलं एखादं पाकीट आहे का? कपाटात दोन-तीन होती, गुरुवारी राखीव म्हणून मागे ठेवलेली, माझ्या हातची. बाळाचं डोकं वर. सिस्टरनी एक फाडलं आणि माझ्यासमोर धरलं. वास आला. कुबट, बंद डब्यातल्या ओल्या फडक्यासारखा. वरचं दुपटं ठीक होतं. मधलं त्यांनी माझ्या हातात दिलं. ओलसर होतं, आणि गार.

त्यांनी मला सांगितलं ते असं: काही जंतू गरम पाण्यालाही पुरून उरतात. थोडेसे राहतातच. कपडा खडखडीत कोरडा असला तर ते गप्प पडून राहतात. पण ओल आणि ऊब मिळाली आणि वरून प्लॅस्टिकने कोंडलं, तर एका रात्रीत हजाराचे लाख होतात. दुकानातून आणल्यासारख्या पाकिटात मी तेच पाळत होते.

सिस्टरनी विचारलं, “पॅक करायच्या आधी कपडा सुकलाय हे कोण तपासतं?”

मी तोंड उघडलं, ‘कोणीच नाही’ असं सांगायला. आणि तिथेच थांबले. तपासत होतं की. रोज पाच, रोज आठ. पाकिटं गार झाली की उघडायच्या, दुपटी ओली निघाली की परत सुकवायच्या, परत दहाची दहा भरून बंद करायच्या. जेवायची सुट्टी सोडून. बाळ आडवं का झोपायचं ते मला आज कळलं. सरोजमावशींच्या चष्म्याची एक दांडी तुटलेली होती, स्टिकर नीट दिसत नसणार.

नऊ तारखेपासून पाकिटं चालू आहेत. बारापासून ड्रायर पस्तीस मिनिटं. बावीसपर्यंत एकाही बाळाला काही झालं नाही. बावीसनंतर पॅकिंगला मी.

सिस्टरसमोर मी एवढंच बोलले की मला उद्याचा दिवस द्या. त्यांना बाकी काही सांगितलं नाही. भीती वाटली. हे काम गेलं तर गाळा बंद, तानाजी परत हॉटेलात, आणि पाटीवर सासूबाईंचं नाव तसंच.

७ ऑगस्ट, गुरुवार

कळव्याला गेले. एकटीच. नयन येतो बोलला, मी नको बोलले. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर सरोजमावशींची खोली, दाराबाहेर दोरीवर कपडे, एकाला एक चिकटू न देता घातलेले. त्यांनी आत बोलावलं, पाणी दिलं. मी माफी मागायला सुरुवात केली, पण ती त्यांना नको होती. त्या मधेच बोलल्या, “पिशवी बघितलीत तेव्हा त्यात काही नव्हतं. मग जंतू माझे कसे झाले?”

मी हातातला पेला खाली ठेवला.

मी विचारलं, मला सांगितलं का नाहीत. त्या बोलल्या, पहिल्याच दिवशी आलेले सांगायला, तुम्ही फोनवर होतात. मग तानाजींना सांगितलं, ते बोलले मॅडमनी वेळ ठरवलीय. मग म्हटलं आपणच करून टाकावं. वॉर्डात एकोणीस वर्षं असंच केलं. डॉक्टरला सांगत बसण्यापेक्षा करून टाकलेलं बरं.

मग माझ्याकडे न बघता बोलल्या, “तेवढं माझं पण चुकलं. गुपचूप केलेलं काम कुणाला दिसत नाही. मी हटले आणि ते बंद पडलं. त्या बाळांना फोड आले त्यात मी पण आहे.”

मी नाही नाही बोलत राहिले. त्यांनी ऐकून घेतलं नाही. मग उठून दोरीवरचा टॉवेल आणला आणि दाखवलं. गरम कपडा हाताला कोरडाच लागतो, म्हणून आधी तो गार होऊ द्यायचा. मग मध्ये नाही, कडेला हात लावायचा. कडेला चार पदर शिवलेले असतात, पाणी तिथे लपून बसतं. मनगटाच्या आतल्या बाजूने बघायचं, बोटं खोटं बोलतात.

परत या बोलले. त्या लगेच हो बोलल्या नाहीत. “सिस्टरना माझं नाव सांगितलंत ना. जिथे सांगितलंत तिथेच जाऊन बाकीचं सांगा. मग बघू.”

परतताना वाटेत दोनदा वाटलं की सिस्टरना ड्रायर बिघडला होता असं सांगावं. ड्रायर काही बोलणार नाही. लिहायलाही लाज वाटतेय, पण वाटलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

प्रसूतिगृहात गेले. सिस्टर आणि मोठ्या डॉक्टरबाई दोघीही होत्या. ड्रायरची वेळ मी कमी केली, पाकिटं मी आणली, तपासणाऱ्या बाईंना मी हटवलं, आणि वर त्यांचंच नाव मी दिलं. असं चार वाक्यांत सांगितलं. वाटलं होतं रडू येईल, नाही आलं. तोंड मात्र इतकं सुकलं की शेवटचं वाक्य दोनदा बोलावं लागलं.

डॉक्टरबाईंनी बाळांचे कागद चाळले. मग बोलल्या की पाचही बाळं बरी आहेत म्हणून आपण इथे बसून बोलतोय. दहा दिवस कपडे बाहेरून धुऊन आणणार. तेवढ्यात आम्ही काय बदलतो ते सिस्टर बघतील, आणि मग काम परत द्यायचं का ते ठरवतील. देतीलच असं नाही.

सिस्टरनी वही काढली, दोन तारखेचं पान उघडलं आणि सरोजमावशींच्या नावावर रेघ मारून पुढे काहीतरी लिहिलं. मला वाचता आलं नाही. जाताना मी खिडकीतून वॉर्डात डोकावले. सात नंबर घरी गेला होता. खाटेवर दुसरंच बाळ, त्यालाही सात नंबरच म्हणत असतील.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं. मग सात दिवसांत पहिल्यांदा बोलल्या, “आता जेव.”

९ ऑगस्ट, शनिवार

नारळी पौर्णिमा. सासूबाईंनी नारळीभाताचा एक डबा जास्तीचा भरला आणि नयनला कळव्याला पिटाळलं. त्याचं डोकं दुखलं नाही. रिकामा डबा घेऊन आला नाही, म्हणजे मावशींनी ठेवून घेतला.

११ ऑगस्ट, सोमवार

सरोजमावशी आल्या. काही न बोलता हात धुतले.

१४ ऑगस्ट, गुरुवार

प्लॅस्टिक बंद. सुती पिशव्या शिवून घेतल्या, त्या प्रत्येक खेपेला कपड्यांबरोबरच धुवायच्या. ड्रायर पन्नास मिनिटं, पाऊस जोराचा असला तर साठ. सकाळी कपडे तासभर लवकर आणायचे, म्हणजे नयन पाचला उठणार. हे त्याला अजून सांगितलेलं नाही. ड्रायरनंतर लाकडी मांडणीवर कपडे गार होऊ द्यायचे. मांडणीसाठी सासूबाईंनी मागची जुनी फळकुटं दिली, पण तानाजी बोलले लाकडात ओल धरते, जाळीची करू. आज ते पहिल्यांदा माझ्याशी वाद घालत होते. मी स्टूल ओढून बसले आणि ऐकलं. पुढे त्यांनी हेही सांगितलं की पस्तीस मिनिटं कमी आहेत हे त्यांना तेव्हाच माहीत होतं. मला राग आला. मग आठवलं, ‘वाद घालत नाही’ म्हणून मीच खूश होते.

रजिस्टरात नवा रकाना आखला: ‘कड कोरडी’. सही सरोजमावशींची. त्यांनी दोघी मुलींपैकी एकीला रोज शेजारी उभं करून शिकवायला घेतलंय. त्या नसल्या तर काय, हे त्यांनीच विचारलं.

मोबाइल दारातल्या टोपलीत. टोपलीवर सासूबाईंचा पहारा.

१९ ऑगस्ट, मंगळवार

सिस्टर येऊन गेल्या. न सांगता आल्या, तेही जेवायच्या वेळेला. सगळ्या पिशव्यांत हात घातला. जाळीच्या मांडणीखाली वाकून बघितलं. सरोजमावशींना एका बाजूला नेऊन पंधरा मिनिटं बोलल्या. काय ते मला कुणीच सांगितलं नाही. जाताना बोलल्या, परवापासून पाठवते, आधी फक्त दुपटी. एक चूक झाली तर दुसरा फोन येणार नाही.

मी नाचले नाही. तानाजींनी मशीनवर दोनदा थाप मारली.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पहिली खेप. एकशेचाळीस दुपटी. नयन पाचला उठला आणि सगळ्या गल्लीला कळेल असा उठला. धुणं वेळेत, ड्रायर साठ मिनिटं, मांडणीवर गार. साडेतीनला पिशव्या भरून झाल्या, टेंपो चालू, मी रजिस्टर हातात घेऊन सहीची वाट बघत उभी.

सरोजमावशींनी शेवटच्या पिशवीतून सात दुपटी काढून बाजूला ठेवली. “ही नाही.”

मी घड्याळाकडे बघितलं. चार ही वेळ सिस्टरनी स्वतः सांगितलेली. सात दुपटी सोडून बाकीची पाठवू का, विचारलं. त्या बोलल्या, ही सात ज्या पिशवीत होती तिच्यातली सगळी परत बघावी लागतील, आणि तिच्या शेजारचीही. अर्धा तास. त्या माझ्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. तानाजीही. दारातून सासूबाईही.

मी टोपलीतून मोबाइल घेऊन बाहेर जाऊन सिस्टरना फोन केला आणि सांगितलं, उशीर होतोय, काही दुपटी ओली निघालीत. पलीकडे कुठल्यातरी बाळाचं रडणं. मग त्या बोलल्या, “कुणी काढली?” मी नाव सांगितलं. “मग थांबते,” बोलल्या आणि फोन ठेवला.

नयनला इंजिन बंद करायला सांगितलं. आत येऊन हात धुतले आणि ती सात दुपटी एकेक करून घेतली. गार झालेली. कडेला, चार पदरांवर, मनगटाची आतली बाजू लावून बघितली. सावकाश. दोनदा.

मला सातही कोरडीच लागली.

ती ड्रायरमध्ये टाकली.